इंग्रजीचे सोवळे

मराठीत चुकलेल्या शब्दाला आपण ‘अशुद्ध’ म्हणतो. नुसता ‘चूक’ म्हणून सोडत नाही. हा शब्द कोणत्या घरातून भाषेत आला, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. विहीर अशुद्ध होते, देऊळ अशुद्ध होते, तसे लेखनही अशुद्ध होते. आणि ते करणारा बहुधा एकच असतो. मराठी शुद्धलेखनाच्या या बाजूवर आपल्या चळवळीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण अजून गाफील आहोत. इंग्रजी परक्यांची, म्हणून निदान ती तरी जातीबाहेरची, तिचे नियम गणितासारखे, सर्वांना सारखेच लागू, असा समज आपल्या शिकलेल्या मंडळींत दिसतो. तो तपासून पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

मी इंग्रजीचा अध्यापक आहे. घराण्यातला पहिला पदवीधर. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिकलो आणि तिथेच शिकवतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. माझी पिढी त्याच्या जरा आधीची, आम्हाला ती पाचवीत भेटली. आज माझ्यासमोर बसणारी मुले पहिलीपासून इंग्रजी शिकून येतात, पण त्यांची भीती माझ्या भीतीपेक्षा कमी झालेली मला दिसत नाही. उलट तिला बाजार मिळाला आहे. एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात उभे राहा. स्पर्धा परीक्षांच्या ढिगात इंग्रजीतील ‘नेहमीच्या चुका’, ‘घोटाळ्याचे शब्द’ अशा पुस्तकांची स्वतंत्र चळत असते. अफेक्ट आणि इफेक्ट, लाय आणि ले, लेस आणि फ्यूअर, शॅल आणि विल. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. नियम कोणी केला, केव्हा केला, का केला, याबद्दल चकार शब्द नाही. लोकसेवा आयोगाच्या आणि बँकांच्या परीक्षांत व्याकरणाचे प्रश्न येतात, तेव्हा मुले हे पाठ करतात. त्यांचे काही चुकत नाही. नोकरी त्या दोन रकान्यांतून जाते.

आता ज्याच्यावरून आमच्यात भांडण झाले ते सांगतो. एका उत्तरपत्रिका तपासणी केंद्रावर माझ्या शेजारी एक अनुभवी सहकारी बसले होते. त्यांच्या हातात निबंधाची एक उत्तरपत्रिका होती. विषय ‘माझे गाव’. मुलाने, की मुलीने, लिहिले होते : ‘लेस पीपल आस्क अवर कास्ट अ‍ॅट द वेल नाउ, बिकॉज दे ऑलरेडी नो इट.’ म्हणजे, विहिरीवर आमची जात विचारणारी माणसे आता कमी झाली आहेत, कारण ती त्यांना आधीच माहीत असते. सहकाऱ्यांनी ‘लेस’भोवती लाल वर्तुळ काढले, वर ‘फ्यूअर’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. बाकीच्या वाक्यावर काही खूण नाही.

मी म्हणालो, “सर, वाक्य वाचलंत का?”

“वाचलं ना. पीपल मोजता येतात. मोजता येईल तिथं फ्यूअर, मोजता येत नाही तिथं लेस. नियम म्हणजे नियम.”

“पण अर्थ कळायला कुठं अडलं?”

“अडलं नाही हो. पण उद्या हाच मुलगा मुलाखतीला गेल्यावर तिथं अडेल. तेव्हा तुम्ही जाणार आहात का सांगायला?”

हे सहकारी दुष्ट नव्हेत. तेही आपल्यातलेच, ऊसतोड करणाऱ्या घरातून आलेले. ‘फ्यूअर’ हा शब्द त्यांनी रात्रशाळेत, कंदिलाच्या उजेडात कमावलेला. त्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मी नेलेला नाही. गुण कापायचा की नाही याबद्दल आमचे एकमत झाले नाही. वर मॉडरेटर होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि पुढचा गठ्ठा सरकवला.

नंतर मी या नियमाचे मूळ शोधत गेलो. ते असे निघाले. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज गृहस्थाने इंग्रजी भाषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. संख्येच्या बाबतीत ‘लेस’ऐवजी ‘फ्यूअर’ म्हटलेले आपल्याला अधिक बरे वाटते, असे त्याने त्यात म्हटले. त्याने नियम सांगितलेला नाही, स्वतःची आवड सांगितली आहे. आपली शाळा पंधराव्या वर्षीच सुटली आणि आपल्याला ग्रीक येत नाही, हेही त्याने स्वतःच सांगून टाकले आहे. त्याच्या आधी जवळजवळ ९०० वर्षे, आल्फ्रेड राजाच्या लिखाणापासून, इंग्रज लोक मोजता येणाऱ्या गोष्टींनाही ‘लेस’ लावीत आले होते. शाळा अर्धवट सुटलेल्या एका माणसाची आवड पुढच्या पंडितांनी उचलली, तिचा नियम केला, तो नियम जहाजात बसून इकडे आला आणि माण तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या अर्ध्या गुणावर येऊन थांबला.

अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी येऊ नये, हा आक्षेप ड्रायडन कवीने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला. त्यामागे लॅटिनचा आदर्श होता. लॅटिनमध्ये जे चालत नाही ते इंग्रजीत कसे चालेल? आपल्याकडे संस्कृतचे जोखड जसे मराठीच्या मानेवर, तसेच तिकडे लॅटिनचे. शॅल आणि विल यांचा नियम तर १६५३ चा. जॉन वॉलिस नावाच्या गणितज्ञाने इंग्रजीचे व्याकरण लिहिले, आणि लिहिले लॅटिनमध्ये! त्यात हा नियम आला : प्रथमपुरुषी साध्या भविष्यासाठी शॅल आणि निश्चयासाठी विल, इतर पुरुषी याच्या उलट. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणापर्यंत तो आला आणि तिथून आपल्या वर्गात.

या नियमावर इंग्लंडात एक जुना विनोद सांगत. नदीत बुडणारा एक परका माणूस ओरडतो. तो आयरिश असतो किंवा स्कॉट, सांगणाऱ्याच्या सोयीप्रमाणे. त्याला म्हणायचे असते, ‘मी बुडतोय, मला कोणीच वाचवणार नाही!’ पण शॅलच्या जागी तो विल घालतो आणि विलच्या जागी शॅल. नियमाप्रमाणे अर्थ होतो, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर!’ काठावरचे सभ्य इंग्रज व्याकरणाला जागतात आणि त्याला बुडू देतात. हा विनोद इंग्रज लोक शेकडो वर्षे हसत सांगत आले. आपल्या वाचकाला त्यात हसण्यासारखे किती सापडेल याची मला शंका आहे. पाण्यात हातपाय मारणारा माणूस काय म्हणतो आहे हे कळायला व्याकरण लागत नाही. काठावर कोण उभे आहे, यावर सगळे असते.

इंग्रजांच्या सर्वच पंडितांना एका माळेत ओवणे मात्र अन्यायाचे होईल. १९२६ मध्ये फाउलरने वापराचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात वाक्याच्या शेवटच्या शब्दयोगीबद्दलच्या नियमाची गणना त्याने अंधश्रद्धेतच केली आहे. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये या नियमावरून त्याने इंग्रजी बोलणाऱ्या जगाचे पाच वर्ग पाडले : नियम ठाऊक नसलेले आणि फिकीरही नसलेले, ठाऊक नसून भिणारे, ठाऊक असून निषेध करणारे, असे पुढे. (आपल्याकडे चार वर्ण आणि पाचवे आपण, त्याचा हिशोबही पाचवरच आला, हा योगायोग.) फाउलरच्या मते पहिला वर्ग सर्वांत सुखी. पण ते सुख परवडायला जन्माने इंग्रज असावे लागते. आपला विद्यार्थी कायमचा दुसऱ्या वर्गात : ठाऊक नाही, आणि भीती मात्र पोटभर. आपल्या दुकानांतली पुस्तके फाउलरचा हा भाग छापत नाहीत. भीती गेली तर पुस्तक कोण घेणार?

हे हत्यार आपल्याला नवे नाही. १८७७ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनावर टीका केली, तेव्हा त्यांनी जोतीरावांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. जोतीराव विचारत होते शूद्रातिशूद्रांच्या गुलामगिरीबद्दल, आणि उत्तर मिळत होते व्याकरणाचे. विहिरीच्या वाक्यातले ‘लेस’ तेवढे दिसणे, ही त्याच जातीची दृष्टी आहे, मग लाल पेन कोणाच्याही हातात असो. आणि शुद्धतेचे हे सोवळे किती टिकाऊ असते तेही पाहा. १९६२ पूर्वी ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवर अनुस्वार दिला नाही तर लेखन अशुद्ध ठरे. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने मान्य केले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि तोच टिंब देणारा अशुद्ध ठरू लागला. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले. नियम बदलणे वाईट नाही. माझी तक्रार ते स्वर्गातून पडल्यासारखे शिकवण्याबद्दल आहे.

उलट बाजूने एक गंमत सांगतो. इंग्रजीला ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे पहिल्या शब्दात कळते. गावकीत ‘आपण’ म्हणतात की ‘आम्ही’ म्हणतात यावरून आपल्या वस्तीतल्या माणसाला आपली जागा समजते. इतका महत्त्वाचा भेद इंग्रजीत नाही, म्हणून कोणी इंग्रजांचे गुण कापले नाहीत. त्यांच्याकडे चुलत, मामे, मावस, आते सगळे एकाच ‘कझिन’मध्ये कोंबलेले. आमचा विद्यार्थी बिचारा त्यातल्या त्यात स्पष्ट करायला ‘कझिन ब्रदर’ म्हणतो तर तो अडाणी. ‘प्रिपोन’ हा शब्द आपल्याकडचा म्हणून वर्षानुवर्षे हसण्यावारी नेला. तो ऑक्सफर्डच्या कोशात गेला तेव्हा हसणे थांबले. आणि ‘प्रिन्सिपल’ हा शब्द प्राचार्यासाठी व तत्त्वासाठी दोन वेगळ्या स्पेलिंगांनी लिहितात. अर्जात त्यांची अदलाबदल झाली की स्टाफरूममध्ये तो अर्ज हातोहात फिरतो. देवनागरीत लिहिले तर दोन्ही एकच, भांडणच मिटते. प्राचार्य आणि तत्त्व यांची गाठ निदान लिपीत तरी पडते.

इथवर वाचून आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, मग फेकून द्या हे सगळे नियम. कळले म्हणजे झाले. सांगलीतल्या एका अभ्यासवर्गात मला हे तोंडावर ऐकवले गेले. इथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो, आणि हे जरा विस्ताराने सांगणे भाग आहे.

नियमांमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करण्यातच आपले नुकसान आहे. काही नियम फक्त बोलणाऱ्याची पायरी दाखवतात. लेस-फ्यूअर त्यातला. शॅल-विलचा शाळकरी नियमही त्यातलाच. काही भेद मात्र अर्थ वाहतात, आणि ते हातातून सुटले तर हक्क सुटतो. इंग्रजीकडे आपले लोक वळले ते या दुसऱ्या कारणासाठी. सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये त्यांनी इंग्रजी शिकण्याची हाक दिली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजीचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्या भिवाने पुढे इंग्रजी कशी वापरली? सोवळे म्हणून नाही. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाच हरकत घेतली आणि पर्यायी नावे सुचवली. दबलेले म्हणायचे, पण दाबणारा सांगायचा नाही, असा तो शब्द; मला तरी त्यातली खोच हीच वाटते. हा एका शब्दावरचा वाद होता, आणि त्यात अर्ध्या गुणाचा प्रश्न नव्हता.

आपण स्वतःही काही शब्दांबाबत अत्यंत काटेकोर आहोत, हे विसरू नये. १९५६ च्या नागपूरच्या घटनेला कोणी नुसते ‘धर्मांतर’ म्हटले तर आपले कार्यकर्ते उठून दुरुस्ती करतात, कारण धर्म आणि धम्म यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मुद्दाम मांडला आहे. समता म्हणायचे तिथे कोणी समरसता म्हटले की आपले कान टवकारतात. का? कारण तिथे एका अक्षराने किंवा एका शब्दाने माणसाची जागा बदलते. मग ‘कळले म्हणजे झाले’ हे आपलेच म्हणणे आपण पाळत नाही, आणि न पाळण्यात आपण बरोबर आहोत.

संविधान उघडा. इंग्रजी मसुद्यात शॅल आणि मे हे दोन शब्द जागोजागी आहेत. शाळेतला शॅल-विलचा खेळ इथे नाही. इथे शॅल म्हणजे बंधन आणि मे म्हणजे मुभा. सतराव्या अनुच्छेदात अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचे आचरण निषिद्ध केले आहे, आणि त्यातून येणारी निःसमर्थता लादणे हा अपराध ‘शॅल बी’, म्हणजे ठरेलच. सोळाव्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात ‘शॅल’ आहे खरा, पण वाक्याची बांधणी वेगळी : या अनुच्छेदातील कोणतीही गोष्ट राज्याला राखीव जागांची तरतूद करण्यास प्रतिबंध करणार नाही. म्हणजे राज्य तरतूद करू शकते. केलीच पाहिजे असे ते वाक्य म्हणत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तराखंडच्या पदोन्नतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले की हा खंड सक्षम करणारा आहे, राज्यावर बंधन घालणारा नाही. त्या निकालावर आपल्या सभांतून संताप व्यक्त झाला, तो योग्यच होता. पण किती जणांनी ते मूळ वाक्य इंग्रजीत समोर ठेवून वाचले? निकालाशी भांडायचे तर वाक्याशी आधी भांडावे लागते.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जाणूनबुजून अपमान करण्याचे जे कलम आहे (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वी त्याचा क्रमांक वेगळा होता), त्यात शब्द आहेत : ‘इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू’. आपल्या गावांत फिर्याद लिहिताना बहुधा लिहिले जाते, ‘सार्वजनिक ठिकाणी’. म्हणजे ‘पब्लिक प्लेस’. हे दोन वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात हे स्पष्ट सांगितले की ‘पब्लिक प्लेस’ आणि ‘पब्लिक व्ह्यूमधली जागा’ यांत घोटाळा करू नये. जागा खाजगी असली, पण बाहेरून लोकांना दिसत असेल, किंवा आत नातेवाईक व मित्र सोडून इतर कोणी हजर असेल, तरी कलम लागू शकते. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात उलट झाले : घटना घराच्या चार भिंतींच्या आत घडली, बाहेरचे कोणी हजर नव्हते, म्हणून या कलमाखालचा आरोप टिकला नाही. फिर्यादीत नुसते ‘सार्वजनिक ठिकाणी’ लिहिले आणि जागा निघाली कोणाच्या तरी फाटकातली, तर वकील पहिल्या दिवशी तिथेच बोट ठेवतो. कोण पाहत होते, कुठून दिसत होते, हे लिहायचे राहून गेलेले असते. लेस-फ्यूअरवर जिवाचे रान करणाऱ्या आपल्या इंग्रजी विभागांनी ‘प्लेस’ आणि ‘व्ह्यू’ हा भेद एकाही वर्गात शिकवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पुस्तकांच्या दुकानातल्या त्या चळतीतही ही जोडी नाही.

म्हणून यंदापासून मी तृतीय वर्षाच्या वर्गात दोन रकान्यांचे ते पुस्तक वापरतो, पण तिसरा रकाना आखून. तिसऱ्या रकान्यात विद्यार्थ्यांनी लिहायचे : हा नियम मोडला तर अर्थ बिघडतो, की फक्त ऐकणाऱ्याचे नाक मुरडते? परीक्षेपुरते दोन्ही पाठ करा, असे मी सांगतो. माझ्या त्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला तेवढ्यापुरते मान्य आहे. पण पाठ करताना कोणते सोवळे आणि कोणते हत्यार, हे माहीत असावे. लेस-फ्यूअरपुढे बहुतेकांनी ‘नाक’ लिहिले. अफेक्ट-इफेक्टवरून वर्गात दोन तट पडले, आणि तास संपला तरी वाद चालूच होता. मला ते फार आवडले.

त्यानंतरच्या आठवड्यात मी कायद्याच्या कलमाचा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी लिहून ठेवला आणि न्यायालयाने केलेला भेद सांगितला : नातेवाईक आणि मित्र सोडून दुसरे कोणी हजर पाहिजे. जत तालुक्यातून येणारी एक विद्यार्थिनी बराच वेळ फळ्याकडे बघत बसली होती. तिने विचारले, “सर, वाड्यावर आमच्या लोकांना बोलावून घेत्यात, तवा तिथं त्यांची माणसं सोडून दुसरं कोण असतंय?”

हा प्रश्न मी सातारच्या एका वकील मित्राकडे पाठवला आहे. त्यांचे उत्तर आले की ते पुढच्या तासाला फळ्यावर जाईल.